डाव्या पानावरचं वाक्य

४ जून

बाई,

हे पत्र कार्यालयीन नाही. कागद मात्र कार्यालयाचा आहे, म्हणून उद्या घरून एक कोरा कागद आणून मी गठ्ठ्यात ठेवणार आहे. हे सांगायची गरज नव्हती, पण न सांगता पुढे लिहवेना.

मी तुमच्या आठवीच्या वर्गात होते, खिडकीकडच्या रांगेत, दुसऱ्या बाकावर. तुम्ही मला ‘चोखंदळ’ म्हणायचात. नऊ वर्षं झाली. आता मी पाठ्यपुस्तक मंडळाच्या पडताळणी विभागात आहे. अमुक मजकूर अमुक वर्षीच्या पुस्तकात छापलेला होता का, असं कुणी विचारलं की मी पुस्तक काढून बघते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून खाली सही करते. एवढंच काम. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या सहीचं आईला फार कौतुक आहे.

तुमची फाइल माझ्या टेबलावर आली आहे.

मागच्या राजवटीत कमी केलेल्या शिक्षकांची नावं पुन्हा पटावर घ्यायला समिती नेमली आहे, हे तिकडे तुमच्या कानावर आलं असेल. तुम्ही स्वतः अर्ज केलेला नाही. आपल्या मुख्याध्यापिकांनी तुमच्या वतीने केला आहे, आणि तुमचा पत्ताही त्यांनीच दिला. तुम्ही सरहद्दीपलीकडच्या गावात शिंप्याच्या दुकानात मापं लिहून घेता असं त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

समितीचा नियम असा आहे. त्या वर्षीच्या पुस्तकात जे छापलं होतं तेच शिकवल्याबद्दल ज्यांना काढलं, त्यांची नावं परत लागतील. ज्यांनी पदरचं घातलं, त्यांची नाहीत. तुमच्या फाइलीत एकच वाक्य लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं आहे. पाठ अकरावा, ‘राष्ट्रप्रमुख’. वाक्य असं: “ज्याची सही लागते, त्याला नाही म्हणता येतंच, नाहीतर सही मागतील कशाला?”

हे वाक्य पुस्तकात होतं का, एवढंच समितीला हवं आहे. सुनावणी ११ जुलैला आहे.

त्या पुस्तकाची एकच कार्यालयीन प्रत उरली आहे आणि ती माझ्या कपाटात आहे. माझ्यानंतर ती कुणी उघडून बघत नाही. मी ‘आहे’ असं लिहायचं ठरवलं आहे. आजवर मी चुकीचं काही प्रमाणित केलेलं नाही, पण तुमच्यासाठी करीन. तुमची हरकत नाही एवढं कळवा. वाक्य मुळात कुठून आलं, हा प्रश्न मग निघणारच नाही.

तुमची विद्यार्थिनी


१९ जून

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. “ते वाक्य पुस्तकात नव्हतं. मला पुस्तक पाठ आहे. खोटं प्रमाणित करू नकोस. तब्येतीला जप.”

पहिल्या तीन ओळी मी सहन केल्या. चौथीपाशी उठून नळावर जावं लागलं.

मागचं पत्र मी पुन्हा वाचू शकत नाही, कारण ते तुमच्याकडे आहे, पण त्यातला शब्द न् शब्द आठवतो. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं ते पत्र होतं. ‘तुमच्यासाठी करीन’ म्हणे. मी माझ्यासाठी करत होते.

तुम्ही सांगितलंत तरी मी पुस्तक तपासलंच. ती माझी खोड तुम्हाला माहीत आहे. आणि मनात एक वेडी आशा होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की कदाचित ते वाक्य मी कुठेतरी वाचलं असेल, त्याच पुस्तकात, आधीच्या एखाद्या मजकुरात, आणि विसरले असेन.

कार्यालयीन प्रतीतला अकरावा पाठ पुठ्ठ्याएवढा जाड झाला आहे. राष्ट्रप्रमुखाचं काम बदललं की नवं पुस्तक छापायला कागद नसायचा, म्हणून दुरुस्तीची चिठ्ठी छापून यायची आणि जुन्या मजकुरावर खळीने डकवायची. आपणही वर्गात डकवली होती. चारी कडा नीट दाबा, सुरकुती पडू देऊ नका, असं तुम्ही म्हणाला होतात आणि म्हणताना फळ्याकडे तोंड केलं होतंत.

आमचे बाइंडरकाका तीस वर्षं मंडळात आहेत. त्यांना म्हटलं, या चिठ्ठ्या सोडवायच्या आहेत. ते म्हणाले, “चिकटवायला सगळे येतात माझ्याकडे. सोडवायला तूच पहिली.” मग त्यांनी चहाची किटली शेगडीवर ठेवली, पान वाफेवर धरलं आणि हाडाच्या पट्टीने एकेक थर उचलला. प्रत्येक थराला त्यांची एक टिप्पणी होती.

सगळ्यात वरची चिठ्ठी: राष्ट्राध्यक्ष तहहयात पदावर राहतील. “ही डकवली आणि आठव्या महिन्यात ते पळाले,” काका म्हणाले, “खळ वाळली नव्हती नीट.”

तिच्याखाली आपण वर्गात डकवली ती: राष्ट्राध्यक्ष हेच शासनाचे प्रमुख असून त्यांचा शब्द अंतिम असतो.

तिच्याखाली, स्वातंत्र्यानंतर सहा वर्षांनी आलेली: राष्ट्राध्यक्षांना सभा निवडते आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार सही करतात. हेच तुम्ही आम्हाला आधी शिकवलं होतंत. ते म्हातारे गृहस्थ संध्याकाळी बागेत एकटेच फिरायचे आणि मुलं कुंपणातून हात करायची, हेही तुम्हीच सांगितलं होतंत.

आणि सर्वात खाली मूळ छपाई: देशाचा कारभार राज्यपाल समुद्रापलीकडच्या राजाच्या वतीने पाहतात. स्वातंत्र्य मिळालं होतं तरी राजा कागदावर राहिलाच होता. “टोपीत पिसं होती त्यांच्या,” काका म्हणाले. “बाकी काही काम नव्हतं. पिसं सांभाळायची.”

चारही मजकूर मी टेबलावर ओळीने वाळत घातले. एकाच पानावर एकाच्या बोकांडी एक असे चौघे बसलेले. ते वाक्य चारांतही नव्हतं. मागच्या बाजूला नव्हतं, स्वाध्यायात नव्हतं. काकांनी विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग सापडलं म्हणायचं.

आता सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलेलं नाही.

तुमच्या वर्गातली रीत होती: वहीच्या उजव्या पानावर तुम्ही सांगाल ते शाईने, आणि डाव्या पानावर आम्हाला स्वतःला जे सुचेल ते पेन्सिलीने. डाव्या पानाला तुम्ही गुण देत नव्हता, फक्त बारीकशी खूण करायचात. बहुतेकांची डावी पानं कोरी असत. माझ्या डाव्या पानावर ते वाक्य होतं आणि तुमची खूण होती. पेन्सिल पुसट होत चालली, वही घाण दिसेल, म्हणून मी ते शाईने गिरवलं. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी.

त्यांनी विचारलं, वर्गात सगळ्यात नीटनेटकी वही कुणाची? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. तुम्ही म्हणालात, “तिची वही आज घरी राहिली आहे.”

आणि मी उभी राहिले. “नाही बाई, आहे,” म्हटलं. दप्तरातून काढून दाखवली. मला वाटलं, बाई चुकल्या, बिचाऱ्यांना आठवत नाही. तुम्ही आयुष्यात एकदा माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी ते भर वर्गात दुरुस्त केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण अवलक्षण माझं नाही झालं, तुमचं झालं.

तपासनिसांनी डाव्या पानावर बोट ठेवून विचारलं, “हे कुणी सांगितलं?” मी म्हटलं, बाईंनी.

तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “हो. माझंच वाक्य आहे.”

ते तुमचं नव्हतं. माझंही नव्हतं. माझ्या वडिलांचं होतं. ते गोदामावर माल उतरवून घेतात. लिहिता येत नाही, पावतीवर अंगठा देतात. रोज रात्री जेवताना शाळेत काय झालं ते मी त्यांना सांगायचे. त्या दिवशी सांगितलं, की राष्ट्राध्यक्षांना फक्त सही करायची असते, दुसरं काही करता येत नाही. ते म्हणाले, असं कसं? माल भिजलेला असला तर मी अंगठा देत नाही, गाडीवाला कितीही ओरडू दे. आणि मग ते वाक्य म्हणाले.

वडिलांचं नाव सांगितलं असतं तर त्यांना उचलून नेलं असतं. चौदा वर्षांची होते. मी त्यांना वाचवलं.

तुमची, दुसऱ्या बाकावरची


२० जून

बाई,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि झोप लागली नाही. सकाळी पोस्टात जाऊन ते परत मिळेल का विचारलं. कारकून म्हणाले, पेटीत पडलं ते सरकारचं. म्हणून हे मागोमाग.

त्या पत्राच्या शेवटच्या ओळी खोट्या आहेत. वडिलांना धोका होईल हे मला त्या क्षणी सुचलंही नाही. तो विचार माझ्या मनात प्रथम आला तो तुम्हाला काढल्यावर, दोन महिन्यांनी, आणि आला तेव्हा मी तो घट्ट धरून ठेवला, कारण तो सोयीचा होता.

खरं असं. तपासनिसांनी विचारलं तेव्हा माझ्या शेजारी मामलेदारांची मुलगी बसली होती. पुढच्या बाकावर डॉक्टरांचा मुलगा. त्यांच्यासमोर मला म्हणावं लागलं असतं की माझ्या वहीतलं सगळ्यात चांगलं वाक्य एका अंगठेबहाद्दर हमालाचं आहे. ते मला म्हणवेना. तुमचं नाव घेतलं तर वाक्याला मान होता.

मी वडिलांना वाचवत नव्हते. मला त्यांची लाज वाटत होती.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल. ‘आदर्श वही’ म्हणून मला जिल्ह्याची शिष्यवृत्ती मिळाली. ती तपासनिसांनीच सुचवली. ते पान फाडून फाइलीला लावलं, आणि उरलेल्या वहीला बक्षीस दिलं. त्या शिष्यवृत्तीवर मी शिकले, आणि त्या शिक्षणावर मी आज तुमची फाइल तपासते आहे.

फाइलीवर मी काल ‘नाही’ असं लिहिलं. पुस्तकात नाही. नियमाप्रमाणे खाली शेरा द्यायला दोन ओळींची जागा असते. त्यात लिहिलं: “वाक्य शिक्षिकेचे नाही. पडताळणी करणारीचे आहे. साक्ष देण्यास तयार.” मग ‘पडताळणी करणारीचे’ खोडून ‘पडताळणी करणारीच्या वडिलांचे’ असं केलं. खाडाखोडीजवळ सही केली.


१२ जुलै

बाई,

काल सुनावणी झाली. अजून निकाल नाही. झालं तसं सांगते.

त्याआधी थोडं इथलं. माझा शेरा वाचून साहेबांनी बोलावलं. ते वाईट नाहीत, त्यांना फक्त शांतता आवडते. म्हणाले, तू होय किंवा नाही लिहायचं होतंस, आत्मचरित्र कुणी मागितलं होतं? नव्या पुस्तकातला राष्ट्रप्रमुखांचा पाठ मी लिहीत होते, तो काढून घेतला. नव्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षांचे अधिकार पुन्हा सहीपुरते उरले आहेत, पण एखादा कायदा पटला नाही तर त्यांना एकदा परत पाठवता येतो, एकदाच. माझं तेवढंच लिहून झालं होतं. आता मला टपाल विभागात बसवलं आहे. शिष्यवृत्तीबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. तो मी दिला, साडेतीन पानं झाली.

वडिलांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. “समितीसमोर तुमची साक्ष लागेल,” एवढंच त्यांना आधी सांगितलं. कसली साक्ष? तुम्ही एक वाक्य म्हणाला होतात, त्याची. ते हसले. म्हणाले, मी दिवसाला शंभर वाक्यं बोलतो, त्यातलं कुठलं? वाक्य म्हणून दाखवलं. “हे होय,” म्हणाले. “यात काय वावगं आहे?” मग बाई, तुमचं काय झालं ते मी सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

समितीची खोली म्हणजे जुन्या कचेरीतलं एक लांबट दालन. भिंतीवर तसबीर नव्हती, नुसता खिळा होता. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, शेजारी एक शिक्षणाधिकारी बाई आणि टंकलेखक. वडील इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते.

न्यायाधीशांनी आधी मला विचारलं. वही, डावं पान, शाई, सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “तेव्हा लहान होतीस, ठीक. राजवट पडून तीन वर्षं झाली. तीन वर्षं गप्प का?”

मी म्हटलं, “लाज वाटत होती.”

“कशाची? बाईंवर आळ घेतलास त्याची?”

तिथे मी हो म्हणून सुटू शकले असते. ते खोटंही नव्हतं. वडील माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर.

“ती नंतरची,” मी म्हटलं. “पहिली लाज वडिलांची. वाक्य त्यांचं आहे हे वर्गात सांगायची.”

टंकलेखकाचा हात थांबला. शिक्षणाधिकारी बाईंनी कागद सारखे केले. वडिलांकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

मग त्यांची साक्ष. त्यांनी सरळ सांगितलं, वाक्य माझं आहे, भाकरी खाताना बोललो, पोरीने लिहून घेतलं हे मला माहीत नव्हतं. टंकलेखकाने जबानी छापून वाचून दाखवली. शेवटी त्याने आपल्या पदरचं, भल्यासाठीच, घातलं होतं: “मी अशिक्षित असल्यामुळे अजाणतेपणी असे बोललो.” आणि शाईची डबी पुढे केली.

वडिलांनी अंगठा काढला नाही. म्हणाले, “अजाणतेपणी नाही. जाणून बोललो. ते बदला.”

टंकलेखक म्हणाला, अहो काका, तुमच्याच हिताचं आहे.

“माझं हित मी बघतो. तेवढं बदला, मग देतो.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा छापा म्हणाले. आम्ही वीस मिनिटं थांबलो. पुन्हा वाचून दाखवल्यावर वडिलांनी अंगठा दिला, आणि शाई पुसायला मी रुमाल पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही, स्वतःचा काढला.

जिना उतरताना मी त्यांच्या मागे होते. मधल्या वळणावर ते थांबले. मला वाटलं, दम लागला.

म्हणाले, “तेव्हाच कळलं होतं मला. बक्षीस होतं त्या दिवशी तू म्हणालीस, पालकांना बोलावलेलं नाही. मी गोदामातून सुट्टी घेऊन आलो होतो. फाटकाबाहेर उभा राहिलो. टाळ्या ऐकू येत होत्या.”

त्यांनी आणखी एक विचारलं: “त्या बाईंना तिकडे शिवणकाम येतं का?” मी म्हटलं, त्या मापं लिहून घेतात. “मग बरं,” म्हणाले आणि उतरायला लागले.

घरी आम्ही बोलतो. आईला वेगळं काही जाणवलेलं नाही. पण पूर्वी ते मला जेवताना विचारायचे, आज काय झालं. ते आता विचारत नाहीत. मीच सांगते.


३ ऑगस्ट

बाई,

निकाल लागला. तुमचं नाव पटावर परत घ्यायचा आदेश झाला आहे. आदेशाची प्रत सोबत आहे. माझ्या हाताने टपालात घालते आहे, टपाल विभागाचा एवढा तरी उपयोग. त्यात लिहिलं आहे की तुम्ही पुस्तकाबाहेरचं काही शिकवल्याचं सिद्ध होत नाही. मुख्याध्यापिका मला भेटल्या तेव्हा रडल्या. शाळेत आठवीच्या वर्गावरची जागा रिकामीच आहे म्हणाल्या. तुम्ही याल का ते त्यांनी मला विचारलं. मला कसं माहीत असणार?

आदेशाबरोबर एक छापील नमुना आहे. तो सही करून परत पाठवायचा असतो. त्यात दोन कलमं आहेत आणि दोन्हीखाली सहीसाठी वेगळी जागा आहे. पहिलं: माझे नाव पटावर घेण्यास माझी संमती आहे. दुसरं: या प्रकरणी माझी कोणाही व्यक्तीविरुद्ध तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

लोक दोन्हीवर सही करतात. टपालातून परत येणारे नमुने मी रोज बघते, सगळ्यांच्या दोन्ही सह्या असतात. दुसरी केली नाही तर पहिलं रद्द होईल अशी भीती असते बहुधा, किंवा हात सुरू झाला की थांबत नाही. म्हणून मी समितीला लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं, ते तिसरा कागद म्हणून जोडलं आहे. दुसऱ्या कलमाखाली सही नसली तरी पहिल्याच्या अंमलबजावणीत बाधा येत नाही. त्यावर शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. मी दोनदा तपासलं.

तुम्हाला मी ओळखते. तुम्ही पेन उचलाल, पहिली सही कराल आणि त्याच दमात दुसरी कराल, कारण तुमच्या मनात खरंच काही नसेल. तपासनीस गेल्यानंतर तासाची घंटा होईपर्यंत तुम्ही पुढचा पाठ शिकवत राहिला होतात. मला प्रश्नही विचारला होतात एक, आणि उत्तर बरोबर आल्यावर ‘शाबास’ म्हणाला होतात.

पण बाई, त्या कागदात ‘कोणाही व्यक्ती’ म्हणजे मी आहे. दुसरं कुणी नाही. तपासनीस गेले, राष्ट्राध्यक्ष पळाले, त्यांच्याविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही. उरले मी. मी माफी मागते आहे, आणि ती तुम्ही द्याल या भीतीने लिहिते आहे. इतक्या लवकर देऊ नका. छापील तर मुळीच देऊ नका.

पहिल्या कलमाखाली सही करा. या किंवा येऊ नका, पण नाव लागू दे.

दुसऱ्याखालची जागा कोरी ठेवा. ती माझी आहे.